प्राचीन ग्रीकांचं जगणं आणि त्यांचा भूगोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसचा भूगोल म्हटलं की नकाशावरचे डोंगर आणि बेटं दाखवली जातात. तिथल्या शेतकऱ्याला त्याहून मोठा घोर होता तो पावसाचा: यंदा पडेल का, आणि नाही पडला तर खायचं काय? खालच्या बहुतेक उत्तरांचा धागा शेवटी याच प्रश्नाला जाऊन मिळतो. काळ मुख्यतः इ.स.पू. ८०० ते ३०० हा धरला आहे.

१. प्राचीन ग्रीस म्हणजे नेमका कोणता प्रदेश?

आजच्या ग्रीस देशाच्या सीमा डोक्यातून काढून टाका. तेव्हा ‘ग्रीस’ नावाचं एक राज्य नव्हतंच. ग्रीक बोलणारे लोक ग्रीसच्या मुख्य भूमीवर, एजियन समुद्रातल्या बेटांवर, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिसिलीत, दक्षिण इटलीत, लिबियाच्या किनाऱ्यावर आणि काळ्या समुद्राच्या काठाने राहत. तळ्याकाठी बेडूक बसावेत तसे आपण समुद्राकाठी राहतो, असं प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलं आहे. आतल्या मुलखात त्यांच्या वस्त्या फारशा नव्हत्या. म्हणूनच त्यांचं जग जमिनीच्या नकाशापेक्षा समुद्राच्या नकाशावर नीट कळतं.

२. डोंगरांमुळे ग्रीसमध्ये नगरराज्यं झाली, हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. मुख्य भूमीचा बराचसा भाग डोंगराळ आहे. पिंडसची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे जाते आणि तिचे फाटे थेट समुद्रात उतरतात. मधल्या छोट्या मैदानांत वस्ती झाली आणि प्रत्येक मैदानाचं वेगळं गाव, वेगळं दैवत, वेगळं कॅलेंडर बनलं. इथवर पाठ्यपुस्तक ठीक आहे.

पण केऑस बेट पाहा. क्षेत्रफळ जेमतेम १३० चौरस किलोमीटर, आणि त्यावर चार स्वतंत्र नगरराज्यं: इयुलिस, कार्थिया, कोरेसिया आणि पोइएसा. त्यांना एकमेकांपासून तोडणारी कोणतीही मोठी पर्वतरांग तिथे नाही. ऱ्होड्सवर तीन राज्यं होती, ती इ.स.पू. ४०८ मध्ये आपण होऊन एक झाली. डोंगर तिथेच होते, निर्णय बदलला. बिओशियाच्या सपाट मुलखातही थिब्ज, ऑर्कोमेनोस, थेस्पिए, प्लॅटिआ अशी शेजारी-शेजारी राज्यं नांदली आणि भांडली.

कोपनहेगनच्या अभ्यासकांनी केलेल्या यादीत १,०३५ नगरराज्यांची नोंद आहे. एवढी संख्या एकट्या डोंगरांनी उभी राहत नाही. डोंगरांनी लहान राज्याला टिकून राहायला आडोसा दिला. लहानच राहायचं हे लोकांनी ठरवलं. परीक्षेत उत्तर लिहिताना हा फरक जरूर मांडा.

३. पाऊस किती आणि केव्हा पडायचा?

सगळा हिवाळ्यात. ऑक्टोबरअखेर सुरुवात होते, मार्च-एप्रिलपर्यंत सरी येतात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पावसाचे वारे पश्चिमेकडून येतात आणि डोंगरांना अडतात, त्यामुळे पश्चिमेच्या कॉर्फू बेटावर वर्षाला १,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पर्जन्यछायेतल्या अथेन्सला साधारण ४०० मिलिमीटर. यातली सरासरी फसवी आहे. खरा घात होतो तो वर्षावर्षातल्या फरकामुळे. शिवाय एका खोऱ्यात पाऊस झाला म्हणून शेजारच्या खोऱ्यात होईलच असं नाही.

नद्याही बहुतेक ओढ्यांसारख्या, हिवाळ्यात लाल पाण्याने भरून वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात दगड उघडे पाडणाऱ्या. नाईलसारखा दरसाल गाळ आणून टाकणारा पूर नाही, पाटाचं पाणी फारसं नाही. शेती कोरडवाहूच.

४. शेतकऱ्याचं वर्ष कसं चाले?

नक्षत्रांवर. बिओशियातल्या अस्क्रा गावचा कवी हेसिअड सांगतो: कृत्तिका पहाटे मावळू लागल्या की नांगर धरा, म्हणजे नोव्हेंबरची सुरुवात. पुढे वसंतात त्या चाळीस दिवस दिसेनाशा होतात. मे महिन्यात त्या पहाटे पुन्हा उगवल्या की विळ्याला धार लावा. स्वाती पहाटे दिसू लागली, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, की द्राक्षं तोडा. ती दहा दिवस उन्हात आणि पाच दिवस सावलीत ठेवून सहाव्या दिवशी रस भांड्यांत भरा. ऑलिव्हची तोडणी हिवाळ्यात.

पेरणीची वेळ चुकली तर दोन्हीकडून मार. फार लवकर पेरलं आणि पहिल्या सरीनंतर उघडीप पडली, तर कोंब वाळून जातात. फार उशीर केला तर दाणा भरायच्या आत मेची उष्णता येते आणि दाणे सुरकुततात. जमीन साधारणपणे एक वर्ष पिकाखाली, एक वर्ष पडीक. पडीक वर्षातही काम असे: दोन-तीनदा नांगरून तण मारायचं आणि वरचा थर भुसभुशीत ठेवायचा, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. पडीक म्हणजे सोडून दिलेली जमीन नव्हे. ते एका वर्षाच्या पावसातली ओल पुढच्या वर्षासाठी राखून ठेवणं होतं.

५. ग्रीक लोक गहू खात की सातू?

चैनीत गहू, रोज सातू. सातू कमी पावसात तग धरतो आणि लवकर तयार होतो. अथेन्सच्या ॲटिका प्रदेशात गहू वारंवार बुडायचा, सातू क्वचित. इ.स.पू. ३२९ सालच्या एका शिलालेखात एल्युसिसच्या देवीला दिलेल्या धान्याच्या हिश्शाचा हिशेब आहे. त्यावरून त्या वर्षी ॲटिकात सातूचं उत्पन्न गव्हाच्या दहापटीहून अधिक निघतं.

सातूची अडचण म्हणजे त्याचं घट्ट टरफल. म्हणून दाणे आधी भाजायचे, मग कांडून-दळून पीठ करायचं. हे पीठ भाजलेलंच असल्याने पाणी, तेल किंवा मध घालून मळलं की गोळा तयार, पुन्हा चुलीवर ठेवायची गरज नाही. याला ते ‘माझा’ म्हणत. सातूच्या पिठाची सवय असलेल्या मराठी घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. भाजताना चिकटपणा मरतो, त्यामुळे त्याची फुगलेली पाव-भाकरी होत नाही. ती हवी तर गहूच लागे. सरपण महाग असलेल्या, उघड्या डोंगरांच्या मुलखात चूल न पेटवता होणारं जेवण ही मोठी सोय होती.

हिशेबासाठी मापं लक्षात ठेवा. एक मेदिम्नोस म्हणजे सुमारे ५२ लिटर, गहू असेल तर साधारण ४० किलो. त्याचे ४८ खोइनिक्स होतात आणि एका माणसाचा दिवसाचा शिधा एक खोइनिक्स धरत. म्हणजे माणशी वर्षाला साडेसात मेदिम्नोसच्या थोडं वर.

६. पाऊस हुकला तर शेतकरी काय करे?

तयारी पाऊस हुकण्याच्या आधीच केलेली असे. एकाच कुटुंबाची जमीन एका जागी नसे. एक तुकडा ओढ्याकाठी, एक उतारावर, एक पार पलीकडच्या वाडीत. वाटण्या होत गेल्याने तुकडे पडले हे खरं, पण लोकांनी ते एकत्र करण्याची घाई केली नाही. गारा एका उतारावर पडल्या तर दुसरा वाचे. चालण्यात वेळ जाई, ती त्या सुरक्षिततेची किंमत.

पिकंही मिसळलेली. ऑलिव्हच्या झाडांमध्ये सातू, बांधावर अंजीर, खडकाळ भागात द्राक्षवेल, जोडीला मसूर आणि वाटाणा. सगळी एकदम बुडत नाहीत. उतारावर दगडी ताली घालून माती धरून ठेवायची. एक तालीचा दगड निखळला आणि तसाच राहिला, तर हिवाळ्यातल्या एका जोरदार पावसात वरच्या तीन-चार वाफ्यांची माती खाली जाते, आणि ती पुन्हा पाटीने डोक्यावरून वर आणावी लागते.

आणि बेगमी. जमिनीत अर्धे पुरलेले मोठे मातीचे रांजण, ज्यांना पिथोस म्हणत, ते भरून ठेवायचे. धान्य नीट वाळलं नसेल तर रांजणात बुरशी धरते, किडा लागतो आणि वर्षाचा आधार जातो. त्यामुळे जूनमध्ये वाऱ्याच्या जागी गोल खळं करून मळणी, उफणणी आणि मग कडक उन्हात वाळवण, यात घाई चालत नसे. एवढं करूनही दोन वर्षं लागोपाठ गेली तर शेजाऱ्याकडे उसनवारी, मग कर्ज. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोन या कायदेकर्त्याने अथेन्समध्ये शेतकऱ्यांची कर्जं रद्द केली आणि माणूस गहाण ठेवण्यावर बंदी घातली, त्यामागे याच कोरड्या वर्षांचं ओझं होतं असं आम्हाला वाटतं.

७. ऑलिव्हला एवढं महत्त्व का?

मुळं खोल, पानं जाड, खडकाळ चुनखडीच्या उतारावर उन्हाळाभर पाण्याशिवाय तगणारं दुसरं असं झाड नाही. पण ते एकाआड एक वर्ष भरून येतं, आणि रोपापासून भरघोस उत्पन्नाला बरीच वर्षं लागतात. लावणारा बहुधा नातवासाठी लावतो. कडाक्याचा गोठवणारा गारठा त्याला सोसत नाही, म्हणून उंच डोंगरात ते नाही.

फळ झाडावरून काढून तसंच खाता येत नाही, कडू असतं. मिठाच्या पाण्यात मुरवावं लागतं. तेल काढायचं तर आधी फळं चिरडून लगदा, तो विणलेल्या पिशव्यांत भरून एकावर एक रचायच्या आणि लांब तुळईच्या टोकाला धोंडे बांधून दाबायच्या. मग गरम पाणी ओतून दुसरा दाब. निघालेला रस भांड्यात स्थिर ठेवला की तेल वर येतं आणि कडू काळं पाणी खाली राहतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोडलेली फळं ढिगात पडू देणं: ती आतून तापतात, आंबतात आणि तेलाला खवट वास येतो.

हे तेल दिव्यात, जेवणात आणि व्यायामशाळेत अंगाला लागे. सोलोनने ॲटिकातून शेतमालापैकी फक्त तेलच बाहेर विकायला परवानगी दिली. स्वतःच्या रानातली झाडंसुद्धा वर्षाला दोनाहून जास्त तोडता येत नसत. पुढच्या प्रत्येक झाडामागे १०० द्राख्मा (चांदीची नाणी) सरकारला आणि १०० फिर्यादीला. झाड लावायचं किती अंतरावर, तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून ९ फूट. अंजीर सोडून इतर झाडांना ५ फूट.

८. पिण्याच्या पाण्याचं काय?

चुनखडीत पावसाचं पाणी वर थांबत नाही, खाली मुरून दूर कुठेतरी झऱ्यातून निघतं. त्यामुळे गाव वसायचं ते झऱ्याजवळ, नाहीतर घराच्या अंगणात खडकात टाकं खोदून छपराचं पाणी साठवायचं.

सोलोनचा विहिरींचा कायदा मुळातून वाचावा इतका नेमका आहे. चार स्टेडिया, म्हणजे सुमारे ७०० मीटरच्या आत सार्वजनिक विहीर असेल तर तीच वापरा. त्याहून लांब असाल तर स्वतःची खोदा. दहा वाव, म्हणजे साधारण १८ मीटर खोदूनही पाणी लागलं नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीवरून दिवसाला दोनदा, सहा खोएसचा रांजण, म्हणजे प्रत्येक वेळी सुमारे २० लिटर पाणी घेण्याचा हक्क आहे. आळशाला फुकट पाणी नाही आणि कष्ट करून हरलेल्याला तहानलेलं ठेवायचं नाही. कोरड्या मुलखात शेजार टिकवायचा तर कायदा असाच हवा.

समोस बेटावर इ.स.पू. सहाव्या शतकात युपॅलिनोस या अभियंत्याने डोंगराखालून १,०३६ मीटरचा पाण्याचा बोगदा काढला. दोन्ही टोकांकडून खणत येऊन मध्ये गाठ घातली. तो आजही आत शिरून पाहता येतो.

९. अथेन्स स्वतःच्या धान्यावर जगत होतं का?

नाही. ॲटिका सुमारे २,५०० चौरस किलोमीटर, त्यातही माती हलकी. शहर वाढलं तसं धान्य काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून, इजिप्त आणि सिसिलीकडून येऊ लागलं. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस इ.स.पू. ३५५ च्या सुमारास सांगतो की त्याच उत्तर किनाऱ्यावरच्या एकट्या बॉस्पोरसच्या राज्यातून वर्षाला ४,००,००० मेदिम्नोस येतात. वरच्या मापाने ते पन्नास हजारांहून जास्त माणसांचं वर्षभराचं धान्य झालं.

त्यामुळे चौथ्या शतकात ‘धान्य’ हा विषय वर्षातून दहा वेळा नागरिकांच्या सभेच्या मुख्य बैठकीच्या कार्यक्रमात ठरलेलाच असे, देशाच्या संरक्षणाच्या बरोबरीने. अथेन्सच्या रहिवाशाने दुसऱ्या बंदराला धान्य नेणं हा गंभीर गुन्हा. पिरिअस या अथेन्सच्या बंदरातल्या धान्यबाजारात उतरलेल्या मालाचा दोन तृतीयांश भाग शहरात आणायलाच हवा. गिरणीवाल्याने पिठाचा भाव सातूच्या भावाला धरून ठेवावा आणि पाववाल्याने पावाचं वजन कमी करू नये, हे पाहायला चिठ्ठ्या टाकून निवडलेले निरीक्षक होते.

हीच नस शत्रूलाही ठाऊक होती. इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सचं आरमार आजच्या दार्दानेल्सच्या काठी एगॉस्पोटामी इथे उघड्या पुळणीवर होतं. तिथे ना बंदर, ना बाजार. शिधा सेस्टोसहून आणावा लागे. पाचव्या दिवशी खलाशी असेच शिध्यासाठी पांगलेले असताना स्पार्टाचा लायसँडर चालून आला आणि जवळपास सगळी जहाजं किनाऱ्यावरच हाती लागली. धान्याची वाट बंद झाली. पुढच्या वर्षी उपाशी अथेन्सने शरणागती पत्करली.

१०. समुद्र जवळ होता, मग वर्षभर प्रवास चाले का?

नाही. हिवाळ्यात आकाश झाकलं की तारे नाहीत, दूरचे डोंगर नाहीत, आणि दिशा सांगायला दुसरं साधन नाही. हेसिअडच्या मते खात्रीचे दिवस म्हणजे उन्हाळी संक्रांतीनंतरचे पन्नास. व्यवहारात हंगाम वसंत ते सप्टेंबर असा चाले.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेचे कोरडे जोरदार वारे वाहतात. इजिप्तला जाणाऱ्याला ते पाठीवर येतात, काळ्या समुद्राकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. त्यात दार्दानेल्समधून पाण्याचा ओघ एजियनकडे. म्हणून जायचं वसंतात, दक्षिणेचा वारा मिळेपर्यंत थांबत. परतायचं सप्टेंबरच्या आत. उशीर किती महाग होता ते एका कर्जपत्रात दिसतं: जहाजावरच्या कर्जाला हजारी २२५ द्राख्मा व्याज, पण स्वाती उगवल्यानंतर काळ्या समुद्रातून निघाल्यास हजारी ३००. तेच नक्षत्र शेतकऱ्याला द्राक्षं तोडायला सांगे आणि सावकाराला व्याज चढवायला.

युद्धनौकेची गोष्ट आणखी वेगळी. तीन रांगांच्या ट्रायरीमवर १७० वल्हेकरी धरून सुमारे २०० माणसं असत. त्यांना झोपायला, रांधायला जागा नाही, म्हणून रोज संध्याकाळी किनारा गाठावाच लागे. शिवाय हलकं लाकूड पाणी पिऊन जड होतं आणि त्यात किडा शिरतो, त्यामुळे जहाज वरचेवर ओढून वाळवावं लागे. जो किनारे राखतो तोच समुद्र राखतो, अशी ही स्थिती.

११. कॉरिंथ श्रीमंत का झालं?

सुमारे ६ किलोमीटर रुंदीची संयोगभूमी त्यांच्या ताब्यात होती, दोन्ही बाजूंना एकेक बंदर. पेलोपोनीजला वळसा घालायचा तर मेलिआ भूशिराचे उलटसुलट वारे भोगावे लागत. त्याऐवजी डिओल्कोस या फरसबंद वाटेवरून जड माल, कधी रिकामी जहाजंही, पलीकडे ओढून नेत. तिथला कालवा थेट १८९३ मध्ये खुला झाला.

१२. युद्धांवर भूगोलाचा परिणाम कसा झाला?

पायदळाची लढाई सपाट जागेवर आणि उन्हाळ्यात, कारण लढणारा हा शेतकरीच. शत्रूच्या रानात पीक तयार असलं तरच सैन्याला खायला मिळे. इ.स.पू. ४२५ मध्ये स्पार्टाचं सैन्य ॲटिकात जरा आधीच घुसलं, पीक अजून हिरवं होतं, शिधा संपत आला. त्यात आपल्या मुलखातलं पायलॉस अथेन्सने बळकावल्याची बातमी आली आणि सैन्य १५ दिवसांत परतलं.

थर्मोपिलीला आज गेलात तर निराश व्हाल. डोंगर आणि समुद्र यांमधली अरुंद खिंड उरलेली नाही. स्पर्खिओस नदीच्या गाळाने किनारा कित्येक किलोमीटर पुढे सरकला आहे. इ.स.पू. ४८० ची ग्रीक आणि इराणी सैन्यांची लढाई समजायची तर आजच्या रस्त्याच्या पलीकडचं शेत हे पाणी आहे असं मनात धरावं लागतं.

त्याच वर्षी सॅलमिसच्या अरुंद सामुद्रधुनीत इराणी आरमाराची गर्दीच त्याला नडली. अथेन्सकडे तेव्हा जहाजं होती, कारण काही वर्षांपूर्वी लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला होता. माणशी दहा द्राख्मा वाटायचं घाटत होतं. थेमिस्टोक्लीज या अथेन्सच्या नेत्याने तो पैसा जहाजांकडे वळवला. चांदी भूगोलाची, निर्णय माणसांचा. आणि ती काढणारे हात गुलामांचे, अंधाऱ्या चिंचोळ्या भुयारांत राबणारे; हे वगळून सॅलमिसचा विजय सांगू नये.

१३. वसाहती का वसवल्या?

व्यापार, भांडणं, जमिनीची टंचाई, सगळीच कारणं होती. पण थीरा बेटाची हकिगत सर्वांत बोलकी आहे. इतिहासकार हिरॉडोटस सांगतो, तिथे सात वर्षं पाऊस नव्हता आणि एक सोडून सगळी झाडं वाळली. मग भावांमधून एकेक चिठ्ठीने निवडून दोन जहाजं आफ्रिकेकडे पाठवली. ती माणसं हताश होऊन परत आली, तेव्हा गावकऱ्यांनी दगड-बाण मारून त्यांना किनाऱ्याला लागू दिलं नाही. आपल्याच भावांना. शेवटी इ.स.पू. ६३० च्या सुमारास लिबियात सायरीनी उभं राहिलं, आणि पुढे तेच शहर ग्रीसला दुष्काळात धान्य पाठवू लागलं.

१४. भूकंपांचा त्रास होता का?

मोठाच. इ.स.पू. ४६४ च्या भूकंपाने स्पार्टा कोसळलं आणि त्यांच्या शेतांवर राबणारे हेलॉट उठले. इ.स.पू. ३७३ मध्ये कॉरिंथच्या आखाताकाठचं हेलिकी एका रात्रीत बुडालं. त्याचे अवशेष समुद्रात नव्हे, तर किनाऱ्यालगतच्या शेताखालच्या गाळात सापडले.

१५. या साऱ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध येतो का?

येतो. ‘यवन’ हा आपला शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरून आला. कार्ल्याच्या लेण्यांत धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात: पैठण भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई.

हे ग्रीक खलाशी इजिप्तहून जुलैत निघत, नैऋत्य मोसमी वारा पाठीवर घेऊन. परतीला वारा फिरण्याची वाट पाहावी लागे, तो फिरे नोव्हेंबरनंतर. एजियनमध्ये ज्या महिन्यांत जहाज किनाऱ्यावर ओढून ठेवत, नेमक्या त्याच महिन्यांत त्यांना अरबी समुद्र ओलांडावा लागे.